विकत घेतलेले वचन : चालकविरहित मोटार आणि तिच्या मालकाची अपेक्षा

खरेदी-विक्रीच्या व्यवहाराविषयी आपल्या मनात एक जुनी आणि पक्की कल्पना आहे. बाजारातून बैलजोडी आणणारा शेतकरी जनावराचे दात पाहतो, चाल पाहतो, खूर तपासतो आणि पैसे मोजल्यावर दाव्याला बांधलेले जे हाती येते तेवढेच आपले मानतो. ‘पुढल्या पोळ्यापर्यंत याच बैलाला आम्ही आणखी बळ पाठवून देऊ, त्याचे पैसे मात्र आजच द्या,’ असे त्याला कोणी म्हणाले, तर तो दावे टाकून घरी जाईल. मोटारीच्या बाबतीतही परवापरवापर्यंत हीच रीत होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी किंवा हिंदमोटरची ॲम्बॅसडर घरी आली, त्या दिवशी ती जशी होती तशीच ती जन्मभर राहणार हे मालकाला ठाऊक असे. कालांतराने ती झिजणार होती, सुधारणार नव्हती.

गेल्या दहा वर्षांत या कल्पनेला छेद देणारा एक व्यवहार रूढ झाला आहे. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीचे भारतातील पहिले दालन उघडले. ‘मॉडेल वाय’ या गाडीची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून पुढे होती, आणि दरपत्रकात आणखी एक बाब होती : ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’, म्हणजे संपूर्ण स्वयंचालन, या नावाच्या क्षमतेसाठी ६ लाख रुपये वेगळे. दालन उघडले त्या दिवशी ही क्षमता भारतातील कोणत्याही रस्त्यावर वापरता येत नव्हती. एका लहान मोटारीच्या किमतीएवढी ही रक्कम उद्या येऊ शकणाऱ्या एका गुणासाठी आज मागितली जात होती. पुढे ५ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातील पहिली टेस्ला महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वीकारली, तेव्हा वृत्तपत्रांत त्या गाडीच्या रंगरूपाचे पुष्कळ वर्णन आले. या ६ लाखांच्या ओळीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आजच्या विवेचनाचा विषय ती ओळ आहे.

जामसांवलीसारख्या गावी, निद्रिस्त हनुमंताच्या पायाशी, साठ लाखांच्या मोटारीचा विषय कशाला, असे काही श्रोत्यांना वाटणे स्वाभाविक आहे. सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी ती गाडी घेईल असे मलाही वाटत नाही. परंतु जो व्यवहार आज साठ लाखांच्या गाडीत आहे, तो सव्वा लाखाच्या स्कूटरमध्ये आधीच आला आहे. ट्रॅक्टरमध्ये येऊ घातला आहे. आणि मोठ्या शहरात दहा वर्षे वापरलेली गाडी जेव्हा नागपूरमार्गे सौंसर-पांढुर्ण्याच्या अंगणात येते, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या पहिल्या मालकाला दिलेली वचनेही येतात की वाटेतच गळतात, हा प्रश्न थेट आपला आहे. शिवाय या शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली पुण्या-बंगळुरास अशाच संगणकप्रणाली लिहिण्याच्या कामावर असतील. वचन देणारा पक्षही आपल्यातलाच आहे.

प्रथम थोडी परिभाषा. हार्डवेअर म्हणजे गाडीत प्रत्यक्ष बसविलेली सामग्री : कॅमेरे, अंतर मोजणारे रडार व इतर संवेदक, तारांचे जाळे, आणि या सर्वांकडून आलेली माहिती पचविणारा संगणक. सॉफ्टवेअर म्हणजे त्या संगणकाला दिलेली आज्ञावली. हार्डवेअर कारखान्यात बसते व तिथेच त्याची कुवत ठरते. सॉफ्टवेअर मोबाईलच्या जाळ्यावरून, गाडी घराच्या ओसरीसमोर उभी असतानाही, रातोरात बदलता येते. यालाच अपडेट म्हणतात. नव्या व्यवहाराचा सारा जीव या एका सोयीत आहे. विकल्यानंतरही वस्तू बदलता येत असेल, तर ती अपुरी असतानाच विकता येते, हा शोध विक्रेत्यांना फार लवकर लागला.

स्वयंचालनाच्या पायऱ्याही समजून घेतल्या पाहिजेत, कारण शब्दांची गल्लत इथेच होते. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २०१४ साली शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरविल्या. शून्यावर सर्व काम माणसाचे. दुसऱ्या पातळीवर गाडी स्वतः सुकाणू वळविते, वेग कमीजास्त करते. परंतु माणसाची नजर रस्त्यावरच हवी आणि जबाबदारीही त्याचीच. पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली, २०२१ साली बाजारात आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० याच पातळीचे साहाय्य देते. तिसऱ्या पातळीवर विशिष्ट परिस्थितीत माणूस नजर काढू शकतो, मात्र गाडीने हाक देताच त्याने सूत्रे घ्यावयाची. चौथ्या पातळीवर ठरावीक क्षेत्रात माणसाची गरजच नाही, आणि पाचवीवर कुठेही नाही. दुसरी आणि चौथी यांच्यामधले अंतर आकड्यांनी दोन दिसते. प्रत्यक्षात ते पोहण्यात मदत करणारा भोपळा आणि स्वतः चालणारी नाव यांच्यातले आहे. भोपळा कितीही मोठा केला तरी त्याची नाव होत नाही, हे विक्रीच्या दालनात कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रकरण. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या तिच्या प्रत्येक गाडीत संपूर्ण स्वयंचालनास लागणारे सर्व हार्डवेअर बसविलेले असेल. आठ कॅमेरे, बारा ध्वनिलहरी-संवेदक, समोर एक रडार आणि एक शक्तिमान संगणक, अशी ती सामग्री होती. सॉफ्टवेअर पुढे येईल, ते आले की गाडी आपोआप शहाणी होईल. त्यावेळी पाच हजार डॉलरच्या वरच्या दर्जाच्या चालक-साहाय्यावर आणखी तीन हजार डॉलर भरले की हे भावी शहाणपण आपल्या नावे राखून ठेवता येई. अनेकांनी भरले. त्या घोषणेबरोबर एक चित्रफीतही प्रसिद्ध झाली होती, जिच्यात गाडी आपण होऊन फिरून येते. ती फेरी आधीच आखून ठेवलेल्या मार्गावर घेतली होती, हे कंपनीच्याच एका अभियंत्याच्या न्यायालयीन जबानीतून २०२३ साली उघड झाले.

अडीच वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, कंपनीने स्वतः रचलेला नवा संगणक पुढे आणला. त्याला ‘हार्डवेअर ३’ म्हणतात. जुना संगणक पुरेसा नव्हता, हे यातून आपोआप मान्य झाले. ज्यांनी स्वयंचालनाचे पैसे आगाऊ भरले होते त्यांना नवा संगणक विनामूल्य बसवून देण्यात आला, आणि हे योग्यच झाले. त्याच सभेत कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पुढील वर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या चालकाविना भाड्याने धावू लागतील असे भाकीत केले. २०२० साल आले आणि गेले. तशा गाड्या धावल्या नाहीत.

त्याच वर्षी चीनमध्ये एक वेगळाच प्रकार झाला. मार्च २०२० मध्ये तिथल्या काही ग्राहकांना आढळले की गाडीच्या कागदपत्रांत नवा संगणक लिहिला आहे आणि आत जुनाच बसविलेला आहे. महामारीमुळे पुरवठा तुटला, असे कंपनीने कारण दिले आणि बदलून देण्याचे कबूल केले. मला या प्रसंगात लक्षणीय वाटते ते ग्राहकांचे वागणे. गाडी उत्तम चालत होती. नव्या संगणकाचा उपयोग करणारी आज्ञावली त्यांच्याकडे त्या दिवशी जवळजवळ नव्हतीच. तरीही ते रागावले, कारण त्यांनी वापरासाठी नव्हे तर भविष्यासाठी पैसे दिले होते आणि ते भविष्य मागच्या दाराने काढून घेतले गेले होते.

२०२१ च्या जुलैमध्ये तेच स्वयंचालन दरमहा भाड्याने देण्याची योजना निघाली. २०१६ नंतरच्या गाड्यांचे जे मालक आगाऊ पैसे न भरता थांबले होते, त्यांना सांगण्यात आले की भाडे द्यायचे असेल तर आधी नवा संगणक दीड हजार डॉलरला विकत घ्या. ओरड झाली तेव्हा रक्कम हजारावर आली. इथे न्यायाचा धागा स्पष्ट दिसतो. या मालकांनी सॉफ्टवेअरचे पैसे दिले नव्हते हे खरे; पण गाडी घेताना ‘हार्डवेअर सर्व आहे’ हे विधान त्यांनाही उद्देशूनच केले होते, आणि त्या विधानाची किंमत गाडीच्या किमतीतच होती. मग अपुरेपणाचा भुर्दंड त्यांच्यावर का? पाच हजारांचे हे प्रकरण नाही म्हणून कोणी हसेल, परंतु तत्त्व पाच रुपयांतही तेच राहिले असते.

दरम्यान स्वयंचालनाची किंमत चढत सप्टेंबर २०२२ मध्ये पंधरा हजार डॉलरला पोहोचली, आणि मग उतरत एप्रिल २०२४ मध्ये आठ हजारांवर आली. शिखरावर खरेदी करणाऱ्याच्या हाती आणि तळाशी खरेदी करणाऱ्याच्या हाती एकच वस्तू होती. २०२३ च्या आरंभी चौथ्या पिढीचा संगणक, अधिक स्पष्ट पाहणाऱ्या कॅमेऱ्यांसह, नव्या गाड्यांत येऊ लागला. २०२४ च्या अखेरीस निघालेली तेरावी आवृत्ती केवळ चौथ्या पिढीच्या गाड्यांना मिळाली. तिसऱ्या पिढीच्या मालकांना बाराव्या आवृत्तीवरच थांबावे लागले. त्या आधीच, मार्च २०२४ मध्ये, कंपनीने नावात एक शब्द वाढवला होता : ‘सुपरव्हाइज्ड’, म्हणजे देखरेखीखालील. संपूर्ण स्वयंचालन, देखरेखीखाली. शाळेत व्याकरण शिकविणाऱ्या आमच्या गुरुजींनी या शब्दसमूहाचा विग्रह कसा केला असता, कोण जाणे. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनी तिमाही निकालांवरील चर्चेत मान्य केले की ज्यांनी पूर्ण पैसे भरले आहेत अशा तिसऱ्या पिढीच्या मालकांचे संगणक बदलावे लागतील, आणि ते काम कष्टाचे असेल. म्हणजे २०१६ मध्ये ‘पुरेसे’ म्हटलेले हार्डवेअर अपुरे ठरले, आणि २०१९ मध्ये ज्याने ती उणीव भरून काढायची होती तेही अपुरे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने तिथल्या खरेदीदारांना याबाबत सामूहिक दावा चालविण्यास परवानगी दिली.

हे असे वारंवार का होते? त्यामागे केवळ लबाडी आहे असे मानणे सोपे आहे, पण अपुरे आहे. गाडीला पाहायला शिकविणारी आज्ञावली आता ओळीओळीने लिहिली जात नाही. लक्षावधी चित्रफिती दाखवून एका कृत्रिम मज्जाजालास तयार केले जाते, आणि अनुभव असा की जाल जितके मोठे तितकी समज चांगली. म्हणून दर वर्षी जाल फुगते. ते प्रशिक्षित करण्याचे काम कंपनीच्या अवाढव्य संगणकांवर होते. चालविण्याचे काम मात्र गाडीतल्या लहानशा संगणकाला, सेकंदाच्या अंशात, करावे लागते. मोट मोठी केली म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. किती मोठे जाल पुरेल हे जाल तयार होण्यापूर्वी जगात कोणालाच माहीत नव्हते, आणि म्हणूनच ‘हार्डवेअर पुरेसे आहे’ हे विधान करण्याचा अधिकारही त्यावेळी कोणाला नव्हता. अभियंत्याला न समजणे हा दोष नाही. न समजलेल्या गोष्टीची हमी विकणे हा दोष आहे.

‘मग संगणक बदलून टाकावा’ असे वाटते, तेही तितके सरळ नाही. २००० नंतरच्या काळात उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी सीएनजी स्वीकारला. पद्मिनीच्या डिकीत नळकांडे बसले, नळ्या ओढल्या, इंजिनाजवळ एक जोड लागला आणि गाडी धावू लागली. हा खर्च मालकाच्या अंगावर पडला, त्याचे दुःख वेगळे. परंतु काम साधे होते आणि मिस्त्री अनेक होते. स्वयंचालनाच्या गाडीत नवा संगणक नव्या कॅमेऱ्यांच्या हिशेबाने घडविलेला असतो. तारा वेगळ्या, जोडण्या वेगळ्या, विजेची भूक आणि उष्णता अधिक, आकारही निराळा. शिवाय डोळे जुनेच ठेवून मेंदू तेवढा नवा बसविला, तर त्या मेंदूला जुन्या डोळ्यांनी पाहण्याचे शिक्षण पुन्हा द्यावे लागते. हे काम फक्त मूळ कंपनीच करू शकते, आणि तिने करायचे नाही असे ठरविले तर वाडीच्या किंवा कामठी रोडच्या कोणत्याही गॅरेजात त्याला उपाय नाही.

या पार्श्वभूमीवर मालकाने नेमकी कोणती अपेक्षा ठेवणे रास्त आहे? माझ्या मते इथे तीन निरनिराळ्या गोष्टी एका ‘अपडेट’ शब्दाखाली कोंबल्या जातात. एक म्हणजे दुरुस्ती. विकलेल्या गाडीत धोका आढळला तर तो दूर करणे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा प्रशासनाच्या तपासानंतर टेस्लाला वीस लाखांहून अधिक गाड्यांत सॉफ्टवेअर पाठवून चालकावरील देखरेख कडक करावी लागली. ती दुरुस्ती होती, आणि ती गाडीच्या वयाकडे न पाहता, विनामूल्य मिळण्याचा मालकाचा हक्क निर्विवाद आहे. दुसरी गोष्ट निगा : नकाशे ताजे ठेवणे, मोबाईल जाळ्याची पिढी बदलली तर गाडी मुकी न होऊ देणे. २०२२ साली अमेरिकेत थ्रीजी सेवा बंद झाली तेव्हा अनेक कंपन्यांच्या चांगल्या चालत्या गाड्यांतील आपत्कालीन हाक देण्याची सोय निकामी झाली. निगेला मुदत असू शकते, परंतु ती खरेदीच्या वेळी सांगितलेली हवी. तिसरी गोष्ट म्हणजे सुधारणा, नवा गुण. तो विकला नसेल तर मागण्याचा हक्क नाही. शेजाऱ्याच्या पुढल्या वर्षीच्या गाडीत अधिक चांगला कॅमेरा आला म्हणून माझ्या गाडीतही हवा, ही मागणी मला बालिश वाटते, आणि अशा मागण्या करणारे मालक खऱ्या तक्रारदारांचे नुकसान करतात. पण गुण विकला असेल, त्याचे पैसे घेतले असतील, तर तो पोहोचविण्यास लागणारे सर्व काही, संगणक, कॅमेरा, तार, विक्रेत्याच्या खर्चाने आले पाहिजे. ‘पुरेसे आहे’ असे जो म्हणाला त्याने ते पुरविले पाहिजे. इतका हा हिशेब सरळ आहे.

आपल्या अंगणातले उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ओला कंपनीने आपल्या विजेवरील एस१ स्कूटरची मोठ्या गाजावाजाने घोषणा केली. वरच्या प्रकाराची किंमत १ लाख २९ हजार ९९९ रुपये होती. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून स्कूटर लोकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा जाहिरातीतील काही सोयी त्यांत नव्हत्या. वेग स्थिर ठेवणारा क्रूझ कंट्रोल नव्हता, चढावर गाडी धरून ठेवणारी सोय नव्हती. त्या पुढे सॉफ्टवेअरमधून येतील असे सांगण्यात आले. क्रूझ कंट्रोल जून २०२२ च्या आवृत्तीतून आला. चढावरची सोय त्याही पुढच्या आवृत्तीतून. हे प्रकरण अमेरिकेतल्यापेक्षा सौम्य आहे, कारण आत बसविलेली सामग्री पुरेशी होती आणि वचन उशिरा का होईना पाळले गेले. विलंब आणि अशक्यता यांत फरक केला पाहिजे. परंतु सव्वा लाख रुपये मोजणाऱ्या नोकरदाराने सहा महिने जी सोय वापरली नाही, तिच्या त्या सहा महिन्यांचे मोल कोणी परत केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जुन्या गाडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या भागात कापसाचे किंवा संत्र्याचे पैसे हाती आल्यावर घरात चारचाकी येते, ती बहुधा कोणाची तरी वापरलेली. घेणारा टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेतो. सॉफ्टवेअर कसे पाहणार? २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एक घटना प्रसिद्ध झाली. एका गृहस्थाने व्यापाऱ्याकडून वापरलेली टेस्ला घेतली. व्यापाऱ्याने ती कंपनीच्याच लिलावात घेतली होती आणि तिच्यावर स्वयंचालनाच्या सोयी असल्याचे नमूद होते. गाडी विकली गेल्यावर कंपनीने दुरूनच त्या सोयी काढून घेतल्या, कारण तिच्या दप्तरी त्यांचे पैसे जमा नव्हते. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर त्या परत मिळाल्या. दाव्याला बांधलेल्या बैलाचे बळ जुना मालक रात्रीतून काढून नेऊ शकतो, अशी ही स्थिती आहे, आणि जुन्या कराराच्या कल्पनेत तिला जागाच नाही. उलट बाजूही आहे. गाडी विकणाऱ्याला आपण भरलेले पैसे आपल्या पुढच्या गाडीवर वळवून हवे असतात. ती सवलत टेस्लाने प्रथम २०२३ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, नवी गाडी घेण्याच्या अटीवर दिली. वचन माणसाला दिलेले असते की गाडीला? कंपनी सोयीप्रमाणे दोन्ही उत्तरे देते. माझे मत असे की एकच उत्तर आधी लिहून द्यावे. कोणते, हे दुय्यम आहे.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका मुका नाही. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत एक कलम या विषयासाठीच लिहिल्यासारखे आहे : वस्तूच्या कामगिरीविषयी, परिणामकारकतेविषयी किंवा आयुष्याविषयी पुरेशा व योग्य चाचणीवर न आधारलेली हमी जनतेला देणे. चाचणी केली होती असा बचाव कोणी घेतला, तर ते सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. २०१६ चे ‘हार्डवेअर पुरेसे आहे’ हे विधान या निकषावर कसे उतरले असते, ते श्रोत्यांनीच पाहावे. व्यवहारातील अडचण दुसरीकडे आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ज्या वचनाला तारीखच नाही, ते मोडले कोणत्या दिवशी? तारीख न घालण्यात विक्रेत्याचा जो फायदा आहे तो हाच, आणि म्हणून मला वाटते की लिखित मुदत नसलेल्या भावी क्षमतेचे पैसे आगाऊ घेण्यासच मनाई असावी. आणखी एक गमतीची गोष्ट : मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जाते. म्हणजे सौंसरच्या स्कूटरमालकाला जिल्ह्यातच न्याय मागता येईल. टेस्लाच्या मालकाला मात्र भोपाळ गाठावे लागेल.

सॉफ्टवेअर कसे बदलावे याचेही नियम होत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाने २०२० मध्ये स्वीकारलेला १५६ क्रमांकाचा नियम उत्पादकास सांगतो की प्रत्येक अपडेटची नोंद ठेवा, वापरकर्त्यास कळवा, आणि ते अर्धवट फसले तरी गाडी सुरक्षित राहील असे पाहा. जुलै २०२४ पासून युरोपात सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. त्याच धर्तीवर भारतासाठी एआयएस-१९० हे मानक आखण्यात आले असून अशा मानकांचे प्रकाशन पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडून होते. हे नियम बदल सुरक्षितपणे करण्यास शिकवितात. बदल करण्यास भाग पाडत नाहीत. मालकाची अपेक्षा त्यांच्या कक्षेबाहेरच राहते.

भारतात या सर्वांवर आणखी एक प्रश्नचिन्ह आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएमच्या कार्यक्रमात, चालकविरहित गाड्या आपण भारतात येऊ देणार नाही असे सांगितले. सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या रोजगाराचा दाखला त्यांनी दिला होता. या भूमिकेशी सहमत व्हावे की नाही हा स्वतंत्र विषय आहे. नागपूर-छिंदवाडा मार्गावर ट्रक आणि काळीपिवळी चालवून घर चालविणारी माणसे या गावातही आहेत, एवढे मी नमूद करतो. आपल्या प्रश्नापुरते असे की ज्या क्षमतेस देशाचा मंत्री उघडपणे विरोध करतो, तिच्यासाठी ६ लाख घेताना विक्रेत्याने धोका कोणाच्या माथी ठेवला? कायद्याने परवानगी मिळाली नाही तर पैसे परत, असे वाक्य पावतीवर असेल तर धोका विक्रेत्याचा. नसेल तर खरेदीदाराचा.

आणि रस्ता. मंगळवार-शनिवारी मंदिराच्या फाट्यावर पायी येणारे भाविक, हनुमान जयंतीची दाटी, पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून रस्त्याच्या मधोमध मिरवणारे बैल, सरकीने भरून एका अंगाला कललेली ट्रॉली, आणि पांढऱ्या पट्ट्यांचा पत्ता नसलेले डांबर, हे कॅलिफोर्नियाच्या चित्रफितींत नाही. ते शिकविता येणार नाही असे नाही. भोपाळच्या ‘स्वायत्त रोबोट्स’ या कंपनीने महिंद्राच्या बोलेरो गाडीवर आपल्याच गोंधळाच्या रस्त्यांसाठी असे प्रयोग केले आहेत, आणि मध्य प्रदेशातून हे व्हावे याचा मला आनंद वाटतो. पण परदेशी रस्त्यांसाठी मापलेला संगणक आपल्या रस्त्याला पुरेल की नाही, हे तो पुरल्यावरच कळेल. विकण्यापूर्वी नव्हे.

अमेरिकेत वेमो नावाच्या कंपनीने २०२० पासून ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या काही भागात माणसाविना चालणाऱ्या गाड्या सर्वसामान्यांसाठी भाड्याने चालविल्या आहेत. चौथ्या पातळीच्या या गाड्या कंपनीच्याच मालकीच्या. संगणक जुना झाला तर बदलण्याचा खर्च तिचा, गाडी मोडीत काढण्याचा निर्णय तिचा. प्रवासी पोहोचल्यावर उतरतो, पैसे झालेल्या प्रवासाचे देतो आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसत नाही. ज्याला हार्डवेअर पुरेल की नाही हे ठरविता येते, त्याच्याच खिशाला त्याची झळ बसते. मालकीची गाडी विकणाऱ्या व्यवहारात हीच साखळी तुटलेली आहे.

ज्यांना तरीही आपल्या दारात आपली गाडी हवी आहे, आणि मीही त्यांच्यातलाच, त्यांनी दालनात तोंडी आश्वासन ऐकण्यापेक्षा पावतीवर चार गोष्टी लिहून मागाव्यात : आज या गाडीत चालू असलेल्या सोयी कोणत्या; पुढे येणाऱ्या सोयीची अखेरची तारीख कोणती आणि ती चुकल्यास परतावा किती; सामग्री अपुरी ठरल्यास बदलण्याचा खर्च कोणाचा; आणि गाडी दुसऱ्यास विकली तर या सोयी तिच्याबरोबर जातात की नाही. विक्रेता यांपैकी जे लिहून देणार नाही, त्याची किंमत दरपत्रकातून वजा करून उरलेल्या रकमेला गाडी परवडते का, ते घरी येऊन पाहावे.